‘टाउनसाइट’ म्हणजे गावठाण?

भाषांतरी: अमेरिकेत ओक्लाहोमातल्या १८९४ च्या एनिड–पॉन्ड क्रीक तंट्यावरचा मजकूर मराठीत करते आहे. रॉक आयलंड रेल्वे कंपनीची या दोन नावांची स्टेशनं आधीची. १६ सप्टेंबर १८९३ ला चेरोकी आउटलेट (तिथला जमिनीचा मोठा पट्टा) वसाहतीला खुलं झालं, तेव्हा सरकारने त्याच नावांच्या ‘टाउनसाइट’ सुमारे तीन मैल दक्षिणेला आखल्या. कंपनी तिथे गाड्या थांबवेना. मी ‘गावठाण’ लिहिलं, ते खोडून आलं.

सातबारा: योग्यच खोडलं. गावठाणात वस्ती आधी, हद्द मागून. इथे गवताळ रानात मोजणीची साखळी टाकून चौक, रस्ते, प्लॉट आधी पाडले. माणसं नंतर धावत आली. ‘नियोजित गावठाण’ करा.

जुनी पेठ: ‘नियोजित’ला कचेरीचा वास येतो. ‘पेठ वसवणे’ आहे की! शेटे-महाजनांना वतन, व्यापाऱ्यांना जकातीत सूट, मग घरं.

सातबारा: पेठ बाजाराची. एनिड काउंटीचं ठाणं होतं.

खडीवाला: पेठ असो की ठाणं, खरा घोळ पुढे आहे. जुलै १८९४ मध्ये एनिडजवळ लोकांनी ‘ट्रेसल’चे खांब करवतले आणि मालगाडी कोसळली. तिथे नुसतं ‘पूल’ लिहिलंत तर वाचकाला दगडी कमानी दिसतील आणि करवत कशाला, ते कळणारच नाही. लाकडी खांबांची रांग, डोक्यावर आडवं लाकूड, त्यावर लांब तुळया, मग स्लीपर नि रूळ. कापलेला खांबही भार सरळ खाली उतरतो तोवर तोंडाला तोंड टेकून उभा राहतो. गाडीचा आडवा हेलकावा बसला की काप सरकतो. म्हणून वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. सुताराची ‘घोडी’ तीच, ‘घोडीपूल’ म्हणा.

जुनी पेठ: घोडीवर फळी रंधतात, मालगाडी चढवत नाहीत! आणि ‘स्लीपर’ काय? लोहमार्गाच्या आडव्या पट्ट्या म्हणा.

खडीवाला: पट्टी मोजायची असते. गँगमन स्लीपरच म्हणतो. ‘रूळ’ तरी कुठे संस्कृत आहे? ‘रेल’चाच.

सातबारा: ‘रेल’चा नव्हे, ‘रूल’चा. आखायचा गोल रूळ आठवा.

भाषांतरी: आणि ‘डेपो’? तिकडे ते स्टेशन. इकडे एसटी उभ्या राहतील. ८ ऑगस्ट १८९४ च्या कायद्याने गाड्या ‘टाउनसाइट’वर थांबवणं कंपन्यांना भाग पडलं, त्या वाक्यात दोन्ही शब्द हवेत.

खडीवाला: डेपोला स्टेशन करा. घोडीपूल मात्र बदलू नका.

जुनी पेठ: बदलाच. ‘लाकडी खांबांचा पूल’, चार अक्षरं जास्त गेली तर गेली.