शब्द हवा आहे: बॅटरीच्या गाडीचा मुद्दाम काढलेला आवाज

विजापूर_रोड
चालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय, आणि एकाच शब्दावर अडलेय. विजेच्या मोटारीला इंजिनाचा आवाज नाही, म्हणून सावकाश चालताना ती मुद्दाम एक आवाज काढते. युरोपात १ जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड मोटारीत ही सोय असावीच लागते. तासाला २० किलोमीटरपर्यंत आणि गाडी मागे घेताना हा आवाज चालू राहतो. वेग त्यापुढे गेला की टायरांचाच आवाज पुरतो. मी लिहिलं होतं 'चाहूल-ध्वनी'. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'इशारा-भोंगा' केलं आणि बाजूला लिहिलं, 'चाहूल कवितेत असते.' तुम्ही काय म्हणाल?

गिरणीची_चाळ
भोंगा अजिबात नको, ताई. माझं लहानपण गिरणीच्या भोंग्यावर गेलं. 'पहिला भोंगा झाला का?' म्हणजे किती वाजले. आई त्यावर डबा भरायची. भोंगा एका जागी उभा असतो आणि सगळ्या गावाला बोलावतो. तुमची गाडी चालत येते, आणि तिच्या वाटेत असेल त्यालाच ती कळायला हवी. एवढ्याशा आवाजाला भोंगा म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल गाडी बोंबलत फिरते.

शुद्धमराठी
'इशारा' मूळचा अरबी, हे आधी पाहा. नवी वस्तू आली की नवा शब्द घडवायची हीच वेळ असते. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक नाकं मुरडत होते, आज 'मेयर' कोण म्हणतं? 'सूचकनाद' घ्या. नेमका आहे, चार वेळा छापला की रुळेल.

गिरणीची_चाळ
'दिनांक'ही त्यांचाच. पण पत्रावर दिनांक लिहिणारा माणूस लग्नाची तारीखच काढतो. आणि 'इशारा' आता अरबी राहिलाय कुठे? माझ्या आजीला अरबी हा शब्द माहीत नव्हता, इशारा माहीत होता.

पूर्व_भाग
आमच्या घरी तेलुगू. दारात कुणी आल्यासारखं वाटलं की अव्वा, म्हणजे आजी, म्हणायची, 'अलिकिडि'. माणूस दिसलेला नाही, हाकही नाही, पण कुणीतरी आहे असा बारीकसा आवाज. ही तर हुबेहूब चाहूल! मोठा आवाज असेल तर 'चप्पुडु'. शेजारी कानडी, त्यांचं 'सप्पळ'. पलीकडच्या मोहल्ल्यात 'आहट'. एका बोळात चार भाषा आणि चारींत यासाठी रोजचा शब्द आहे. मग चाहूल फक्त कवितेतली कशी? मला तर वाटतं 'चप्पल' हा शब्दही या चप्पुडु-सप्पळमधूनच आला. पायात वाजते ती चप्पल.

अक्कलकोट_रोड
कानडी माझी घरची भाषा, म्हणून सांगतो. 'हेज्जे सप्पळ' म्हणजे पावलांचा आवाज, इथवर बरोबर. पण ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. अशानं 'चपळ'सुद्धा चपलेतून काढता येईल.

पूर्व_भाग
अण्णा, मग चप्पल कुठून आली ते तुम्ही सांगा.

टांगेवाल्याचा_नातू
आमच्या आजोबांचा टांगा होता, स्टेशन ते नवी पेठ. पायाखाली घंटा होती, पण गर्दीत ते घंटा कमी वाजवायचे. चाबकाची दांडी चाकाच्या आऱ्यांना लावून धरायचे. कड्‌कड्‌कड्‌ असा आवाज यायचा. घोडा सावकाश असला तर सुटा सुटा, पळू लागला की सलग. पुढच्या माणसाला मागे न बघता कळायचं, टांगा किती जवळ आहे आणि किती जोरात येतोय. घंटेनं हे कळत नाही, ती वाजते तशीच वाजते. ताईंच्या मोटारीच्या आवाजाचंही असंच आहे का?

विजापूर_रोड
हो, अगदी असंच! संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमातच आहे की वेग वाढला की आवाजाची पट्टी चढली पाहिजे. पातळीही ठरलेली आहे: १० च्या वेगाला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, आणि ७५ च्या वर जायचं नाही. आजोबा त्या दांडी लावण्याला काय म्हणायचे?

टांगेवाल्याचा_नातू
नाव काही नव्हतं. 'दांडी लाव' एवढंच.

पांढरी_काठी
मला दिसत नाही. सात रस्ता चौकात रोज रस्ता ओलांडतो, म्हणून लिहितोय. हॉर्न मला फक्त 'सरक' म्हणतो. कुठे सरकू ते सांगत नाही. डिझेलची रिक्षा मात्र न बोलता सगळं सांगते: डावीकडून येतेय, वळतेय, थांबली, पुन्हा निघाली. मागच्या महिन्यात बॅटरीची एक दुचाकी माझ्या काठीला घासून गेली. मला कळलं ते काठी हातातून उडाल्यावर. मला इशारा नकोय, मला चाहूल हवीय. तुम्ही पहिल्यांदा लिहिलेला शब्द बरोबर होता. आणि असा आवाज आपल्याकडे सक्तीचा करायच्या केंद्राच्या २०२५ च्या मसुद्यात मोटारी, बस, ट्रक आहेत. दुचाकी आणि तीनचाकी नाहीत. सोलापूरच्या गल्ल्यांत आमच्या अंगावर येतात त्या याच दोन.

शुद्धमराठी
तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी भाषेचा मुद्दा उरतो. चाहूल *लागते*, कुणी ती *देत* नाही. लपूनछपून आलेल्याची नकळत लागते ती चाहूल. यंत्रानं हेतुपूर्वक काढलेल्या आवाजाला चाहूल म्हणणं म्हणजे शब्दाचा प्राणच काढणं.

विजापूर_रोड
'पावसाची चाहूल देणारे ढग' असं सर्रास लिहितात की.

शुद्धमराठी
वर्तमानपत्रांत. बोलताना कुणी म्हणतं का?

गिरणीची_चाळ
मुद्दाम दिलेली चाहूल आमच्या घरात रोज होती. आजोबा घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून खाकरायचे. घसा साफच असायचा. ते खाकरणं सुनांसाठी होतं, पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. 'मामंजी खाकरले' म्हटलं की सगळ्या सावध. कुणाला दचकवायचं नाही आणि आपण आलोय हेही कळवायचं, असा तो आवाज. गाडीनं यापेक्षा वेगळं काय करायचंय?

अक्कलकोट_रोड
मग 'खाकर' म्हणा! मनापासून सांगतोय, सूचकनादापेक्षा लवकर कळेल.

पूर्व_भाग
खाकर ऐकलं की घसा आठवेल, मोटार नाही. आणि चपलेचं अजून राहिलंय.

विजापूर_रोड
शुक्रवारी मजकूर छापायला जातो. पुन्हा 'चाहूल-ध्वनी' केलंय आणि तपासणाऱ्यांना टांग्याची दांडी आणि खाकरणं दोन्ही लिहून पाठवलंय. त्यांचं उत्तर आलं: 'चाहूल म्हणजेच ध्वनी. पुढे ध्वनी जोडणं ही द्विरुक्ती.'

शुद्धमराठी
इथं ते बरोबर आहेत.

टांगेवाल्याचा_नातू
चाहूल आवाजाचीच असते असं कुणी सांगितलं? थंडीची चाहूल लागते तिला कुठे आवाज असतो?

पांढरी_काठी
सिटी बसची मला आधी तळपायाला लागते. आवाज नंतर येतो.