चर्चा: चातुर्मासाचे चार महिने स्मार्टफोन वर्ज्य करणे मुंबईत योग्य ठरेल का?

धागाकर्ता: मुलुंडकर

माझ्या आजीच्या घरी कांदेनवमीला उरलासुरला कांदा संपवला जाई आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगे कोणाच्याही पानात येत नसे. गेल्या वर्षी मी त्याच चार महिन्यांसाठी स्मार्टफोनचा नेम धरला. बोलण्यापुरता आणि एसएमएसपुरता बटणांचा साधा फोन खिशात ठेवला, कार्यालयातील संगणक कार्यालयातच सोडला आणि घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो नाही. एखाद्या रविवारी किंवा सुट्टीतील दोन दिवस फोन बंद ठेवून फारसे काही साधत नाही, विश्रांती घ्यायची तर ती दीर्घच हवी, असे माझे या अनुभवानंतरचे ठाम मत आहे.

पहिले तीन आठवडे मला अतिशय कठीण गेले. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाताना गाडी कुर्ल्याजवळ थांबली, की हात आपोआप खिशाकडे जाई आणि तेथे पाहण्यासारखे काही नाही हे लक्षात येताच जीव कासावीस होई. चौथ्या आठवड्यात मात्र दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या पुस्तकाची वीस-पंचवीस पाने मान वर न करता वाचून झाली, आणि असे कितीतरी वर्षांत घडले नव्हते. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, भजनाला आरती असते, त्यामुळे थांबण्याची जागा आपोआप सापडते. एझा रास्किन या आरेखनकाराने २००६ साली बोट वर सरकवत राहिले तरी कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि पुढे त्याबद्दल खेदही व्यक्त केला. आपल्या हातातील बहुतेक ॲप आज त्याच रचनेवर उभी आहेत. ज्या वस्तूतून थांबण्याची जागाच काढून टाकली आहे, तिच्या बाबतीत 'थोडेसेच वापरा' हा सल्ला मला अपुरा वाटतो.

व्यवहार कसे होतील, अशी शंका येथे हमखास येईल. यूपीआय २०१६ साली आले आणि त्यापूर्वीही हे शहर चालत होते. शिवाय साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय २०२२ पासून उपलब्ध आहे. ज्याला मनापासून इच्छा आहे, त्याला हा नेम जमतो.

प्रतिसाद: कळव्याची प्रवासी

आपण चार महिने फोन खाली ठेवलात, हे वाचून आनंद झाला. परंतु आपल्या वाट्याचा फोन त्या काळात कोणी उचलला, याचा उल्लेख आपल्या लिखाणात कोठेच नाही.

माझ्या यजमानांनी मागील पावसाळ्यात एक महिना असाच प्रयोग केला. त्या महिन्यात मुलाच्या शाळेच्या गटावर रात्री साडेनऊला येणारा 'उद्या चित्रकलेचे साहित्य आणावे' हा निरोप मी पाहत होते, सासूबाईंच्या रक्ततपासणीचा अहवाल माझ्या व्हॉट्सॲपवर येत होता, नळ दुरुस्त करणारा माणूस फाटकावर आला की सोसायटीच्या ॲपवर त्याला परवानगी मी देत होते, आणि बँकेच्या ॲपमधून करावयाचे प्रत्येक काम 'तुझ्या नंबरवरून कर' या शब्दांत माझ्याकडे येत होते. त्यांना झोप शांत लागू लागली, हे खरे आहे आणि त्याचे मला समाधानही आहे. माझा स्क्रीनसमोरचा वेळ मात्र त्याच महिन्यात वाढला.

२०१६ पूर्वीचा दाखला मला पटत नाही, कारण त्या वेळी शाळेची डायरी होती, फाटकावर नोंदवही होती, आणि बँकेत खिडकीपाशी उभे राहिले की काम होत असे. त्या व्यवस्था एकेक करून मोडीत निघाल्या आणि त्यांची जागा फोनने घेतली. आजीच्या नेमाची तुलनाही तपासून पाहावी, असे सुचवते. आजी स्वतः स्वयंपाक करत असणार, आणि तिच्या नेमामुळे घरातील दुसऱ्या कोणाला दुप्पट कांदा खावा लागत नव्हता.

प्रतिसाद: गोराईचा साधक

मी मूळ लेखाच्या बाजूने आहे, परंतु माझा आक्षेप वेगळा आहे. मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांची विपश्यना शिबिरे केली आहेत. तेथे आरंभीच फोन जमा करून घेतात, वाचन आणि लेखनही वर्ज्य असते, आणि मौन थेट दहाव्या दिवशी सुटते. घरी काही अडचण उद्भवल्यास निरोप देण्यासाठी केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक कुटुंबीयांकडे असतो. तेथे रोज स्वतःशी झगडावे लागत नाही, कारण निर्णय एकदाच घेतलेला असतो आणि पुढे ती वास्तू व तिचे वेळापत्रक तो निर्णय सांभाळते. आपण राहत्या घरात चार महिने हे केलेत, म्हणजे दररोज नव्याने नकार देत राहिलात. इतकी शक्ती फार थोड्यांकडे असते, म्हणून जागा बदलून घेतलेली दहा दिवसांची विश्रांती मला अधिक व्यवहार्य वाटते. कळव्याच्या ताईंच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या शिबिराच्या काळात घर आईने सांभाळले होते.

प्रतिसाद: घाटकोपरहून

माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवतो. त्याचा फोन बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. 'ज्याला मनापासून इच्छा आहे, त्याला जमते' हे वाक्य मी त्याला वाचून दाखवू शकत नाही.

प्रतिसाद: माहीमची वाचक

मी जन्मापासून कर्णबधिर आहे. रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या बहिणीशी मी सांकेतिक भाषेत बोलते आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हाच एक मार्ग आहे. बोलण्यापुरता साधा फोन ठेवा, असे आपण सहज लिहून गेलात, परंतु त्या फोनवर मला बोलता येत नाही. नेम सुचवताना 'स्क्रीन' हा एकच शब्द सर्व वापरांना लावू नये, एवढी विनंती.

प्रतिसाद: परळची शिक्षिका

गेली अनेक वर्षे मी माध्यमिक वर्गांना शिकवते. पहिल्या तासालाच डोळे चोळणारी मुले रोज पाहते, त्यामुळे धागाकर्त्यांची तळमळ मला पूर्णपणे समजते. तरीही संपूर्ण त्याग हा उपाय मी मुलांना सुचवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनातही वयानुसार फरक केलेला आहे: एक वर्षापर्यंतच्या बाळांना स्क्रीन मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ साली तंत्रज्ञानाच्या अतिवापराच्या प्रश्नासाठी जे उपचार केंद्र सुरू केले, त्याच्या नावातच तंत्रज्ञानाच्या निरोगी वापराचा उल्लेख आहे. सुटका हवी ती वाईट सवयीपासून, आणि ती सवय बहुतेक वेळा रात्रीची असते. अंथरुणात फोनचा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवण लांबते, आणि सकाळच्या शाळेतील मुलांची झोप तेवढीच तुटते.

मला सर्वांत आशादायक वाटलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे आहे. तेथे २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. त्यात एकट्याने नेम पाळायचा नाही, म्हणून कोणाचे काम दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही; त्या दीड तासात निरोप पाठवणाराही फोनपासून दूर असतो. मुंबईत अख्ख्या शहरासाठी भोंगा वाजणार नाही, हे मी जाणते. परंतु एखादी चाळ, एखादी इमारत किंवा एका वर्गाचे पालक इतके ठरवू शकतात. आमच्या शाळेत एका वर्गाच्या पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी रात्री आठनंतर गटावर निरोप टाकायचा नाही असे ठरवले, आणि कोणाचेही काम अडले नाही.

धागाकर्ता: मुलुंडकर

माहीमच्या वाचकांची मी क्षमा मागतो; 'बोलण्यापुरता फोन' लिहिताना मी केवळ माझ्यासारख्या ऐकू येणाऱ्या माणसाचा विचार केला होता. घाटकोपरहून आलेला आक्षेपही मान्य आहे आणि ते वाक्य मी मागे घेतो.

कळव्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री पत्नीला विचारले, की त्या चार महिन्यांत माझी कोणती कामे तुझ्याकडे आली. तिने गॅसची नोंदणी, सोसायटीचा देखभाल खर्च, विजेचे बिल, मुलीच्या महाविद्यालयाचे अर्ज, अशी एकेक कामे सांगितली. माझ्या आईच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळही तिनेच दोनदा बदलून घेतली होती आणि त्यातले मला काहीही ठाऊक नव्हते. तिने तक्रार केली नव्हती, म्हणून काम नव्हतेच, असे मी धरून चाललो होतो.

दीर्घ विश्रांतीने माझे वाचन आणि माझी झोप परत आली, हे मत मी बदलत नाही. मात्र पुढील चातुर्मासात पहिले दोन महिने पत्नीने फोन ठेवावा आणि तिची सर्व कामे मी करावीत, असे मी सुचवले. तिला ते नको आहे. तिच्या बहिणींचा गट, तिची गाण्याची शिकवणी आणि कोल्हापूरच्या मामींशी होणारे बोलणे हे सर्व फोनवरच असते, आणि त्यापासून तिला सुटका नको आहे. तिला हवे आहे ते इतकेच, की शाळा-महाविद्यालय, सोसायटी आणि दवाखाना या तीनही ठिकाणी तिच्याऐवजी माझा क्रमांक नोंदवावा. आज सकाळी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मी तो बदलून घेतला. महाविद्यालयात सोमवारी जाणार आहे.

प्रतिसाद: कळव्याची प्रवासी

दवाखान्यातील क्रमांक बदलताना आईंच्या जुन्या तपासण्यांचे अहवालही आपल्या फोनवर मागवून घ्यावेत. ते वहिनींच्या फोनमध्येच राहिले, तर पुढील वेळी डॉक्टर पुन्हा त्यांनाच विचारतील.