दोन हजार घोड्यांची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार नक्की कशासाठी?

चौथा_गिअर:
बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. रिमॅक नेव्हेरा ही क्रोएशियात बनणारी इलेक्ट्रिक गाडी. चार चाकांना चार मोटारी, १९१४ अश्वशक्ती, १२० युनिटची बॅटरी (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच), कमाल वेग ताशी ४१२ किलोमीटर. शून्यावरून शंभरला दोन सेकंदांच्या आत पोचते. वजन मात्र दोन टनांच्या वर.

माझं म्हणणं असं की तो दोन सेकंदांचा आकडा आता काहीच सांगत नाही. पेट्रोलच्या जमान्यात त्या आकड्यामागे इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, टायर आणि चालवणाऱ्याचा हात असं सगळं जुळून यावं लागायचं. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) देते. त्यामुळे दोन मोटारी लावलेली चार दरवाज्यांची घरगुती गाडीसुद्धा तीन-साडेतीन सेकंदांत शंभर गाठते. मग तेवढ्याचसाठी वेगळी स्पोर्ट्स कार कशाला?

स्पोर्ट्स कार वळणावर कळते. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती, ताकद फक्त ११८ अश्वशक्ती. ती चालवताना रस्त्यावरचा खडा न् खडा स्टिअरिंगमधून हाताला कळतो. त्याच एलिसच्या सांगाड्यावरून टेस्लाने २००८ मध्ये रोडस्टर काढली आणि वजन तेराशे किलोच्या आसपास गेलं. एकट्या बॅटरीचं सुमारे ४५० किलो. तेव्हापासून आपण वजन वाढवतोय आणि ते लपवायला ताकद वाढवतोय.

किलोवॅट:
रोडस्टरचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गाडीत आहे.

त्याआधी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोल्फच्या मैदानावरची बग्गी यायची. रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असायचे तसले ६८३१ सेल एकत्र बांधले होते आणि त्यांना थंड ठेवायला द्रव फिरवला होता. इतके सेल एकत्र, सुरक्षित आणि वर्षानुवर्षं चालवता येतात हे त्या गाडीने रस्त्यावर दाखवलं. आधी थोड्या लोकांसाठी महाग गाडी, त्या पैशातून कमी महाग, मग सर्वसामान्यांची, ही योजना मस्क यांनी २००६ मध्येच जाहीर केली होती. पुढे २०१२ ला मॉडेल एस आली, २०१७ ला मॉडेल थ्री.

पोर्शे टायकॅन या महागड्या इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच. २०१९ मध्ये तिने ८०० व्होल्टची प्रणाली आणली. नेहमीच्या ४०० वरून व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच शक्ती निम्म्या विद्युतप्रवाहात जाते, तारा बारीक होतात, उष्णता कमी होते. दोनच वर्षांत ह्युंदाई आयोनिक ५ या कुटुंबाच्या गाडीत ८०० व्होल्ट आलं, आणि योग्य चार्जर असेल तर ती १८ मिनिटांत १० वरून ८० टक्के भरते. महागड्या गाडीत आधी घाम गाळला जातो, फायदा पुढे सगळ्यांना होतो.

काटकसर:
२००८ मध्ये हे पटलं असतं. आज तीच सबब चालवून घेऊ नये.

इलेक्ट्रिक गाडी चालते की नाही ही शंका आता कोणालाच नाही. अडचण सेलची आणि त्यांच्या कच्च्या मालाची आहे. १२० युनिटच्या बॅटरीत दोन चांगल्या घरगुती गाड्या होतात. ३ युनिटची स्कूटर धरली तर चाळीस स्कूटर. हे सगळं अशा गाडीत घालायचं जी बहुतेक वेळ बंद गॅरेजात झाकून ठेवलेली असणार? आणि ८०० व्होल्टचं म्हणाल तर ज्याला लवकर चार्जिंग हवं, त्याला आज ना उद्या तिकडे जावंच लागलं असतं. त्यासाठी हजार घोडे लागत नाहीत.

किलोवॅट:
@काटकसर, नेव्हेरा ठरवल्याच होत्या १५०. दीडशे गाड्यांच्या सेलवर जगाचा तुटवडा ठरत नाही. दोन-अडीच टनांच्या लाखो इलेक्ट्रिक एसयूव्ही विकल्या जातायत, हिशेब मांडायचा तर तिथे मांडा.

काटकसर:
तिथेही मांडतेच. पण त्या एसयूव्हीच्या जाहिरातीतसुद्धा 'इतक्या सेकंदांत शंभर' हेच मोठ्या अक्षरांत असतं. ही हाव वरूनच खाली आली. आणि ज्याने आयुष्यभर साधी गाडी चालवली त्याच्या पायाखाली अचानक चार-पाचशे घोडे आले, की गर्दीच्या रस्त्यावर काय होऊ शकतं याचा विचार कोणी करत नाही. धडक देणारी गाडी दुप्पट जड असेल, तर त्याच वेगाला तिची ऊर्जाही दुप्पट असते. चालत जाणाऱ्याला पळायला वेळ मिळत नाही.

ट्रॅकवरची:
मी दोन्ही प्रकारच्या गाड्या ट्रॅकवर चालवल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एका इलेक्ट्रिक सेडानची (नाव लिहीत नाही) पहिली फेरी अशी होती की मी मोठ्याने ओरडले. दुसरीही छान. तिसऱ्या फेरीत पडद्यावर इशारा आला आणि गाडीने आपणहून ताकद कमी केली, कारण बॅटरी तापली होती. नंतरची सगळी दुपार चार्जरपाशी.

हिशेब सोपा आहे. ट्रॅकवर सरासरी २०० किलोवॅट (म्हणजे तासाला २०० युनिट) लागले तर १०० युनिटची बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होते. २२०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणायची तर पाऊण युनिटहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते, तीही प्रत्येक मोठ्या वळणाआधी. यातली बरीचशी मोटारी परत बॅटरीत ढकलतात, पण त्यानेही बॅटरी तापतेच. गाडी निम्म्या वजनाची असती तर हा सगळा भार निम्मा झाला असता. म्हणून वजनाबाबत मी चौथा_गिअर यांच्या बाजूने आहे.

पण म्हणून इलेक्ट्रिक शर्यती निरुपयोगी ठरतात असं मात्र नाही. फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यतमालिका २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बॅटरी पुरत नसे, म्हणून चालक अर्ध्या शर्यतीत उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे. चार हंगाम असं चाललं. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीने एकाच बॅटरीत शर्यत पूर्ण केली. आणि अमेरिकेतली पाइक्स पीक ही डोंगर चढण्याची शर्यत बघा. ती चढाई ४३०२ मीटर उंचीवर संपते. वर हवा विरळ, पेट्रोल इंजिनाला प्राणवायू कमी पडतो. मोटारीला हवा लागतच नाही. २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या आयडी आर या इलेक्ट्रिक शर्यतीच्या गाडीतून रोमां द्युमा यांनी ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत तो डोंगर सर केला. आठ मिनिटांच्या आत तोवर कोणीच पोचलं नव्हतं.

थोडक्या वेळाचं, पूर्ण जोर लावायचं काम असेल तर इलेक्ट्रिकला तोड नाही. तासभर रेटायचं असेल तर आज तरी नाही.

वळणवाट:
इलेक्ट्रिक म्हणजे जडच, हेही गृहीत धरू नका. मॅकमर्ट्री स्पिअरलिंग ही एकट्याने बसायची, टनभराची इलेक्ट्रिक गाडी. पंख्याने खालची हवा ओढून ती रस्त्याला चिकटते, अगदी उभी असतानासुद्धा. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढाईच्या शर्यतीत तिने ३९.०८ सेकंदांचा विक्रम केला आणि आयडी आर ला मागे टाकलं. शिवाय चार मोटारी असल्या की प्रत्येक चाकाला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात वेगळा जोर देता येतो. कोणत्याही यांत्रिक डिफरन्शियलला (चाकांमध्ये जोर वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला) ते जमत नाही.

चौथा_गिअर:
@वळणवाट, जमतं ते संगणकाला. मी तिथे काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये खोटे गिअर दिले. गिअरबॉक्स नाही, तरी बदलताना धक्का जाणवतो, आवाज येतो. अनेकांनी नावं ठेवली, मला मात्र ते प्रामाणिक वाटलं. साडेसहाशेच्या आसपास घोडे देऊनही चालवणाऱ्याला काहीतरी करायला हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. आणि २०२४ मध्ये खुद्द नेव्हेरा बनवणाऱ्या माटे रिमॅक यांनीच सांगितलं की श्रीमंत गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक हायपरकार (अशी अतिवेगवान, अतिमहाग गाडी) नको आहे. त्याच वर्षी त्यांच्या हाताखालच्या बुगाटीने तुर्बियों दाखवली. ती हायब्रिड (मोटारी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली) आहे, पण मध्यभागी ८.३ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन आहे.

मला हवी ती गाडी लहान आहे. दोन जण बसतील, अकराशे किलो, दोनशे घोडे, ३० युनिटची बॅटरी.

किलोवॅट:
३० युनिटची बॅटरी दोनशे किलोच्या आत बसेल, तेवढं जमण्यासारखं आहे. पण जोरात चालवलीत तर १०० किलोमीटरला २५ युनिट जातील. १२० किलोमीटरवर गाडी थांबणार. मग?

चौथा_गिअर:
मग मीही थांबेन. डोंगररस्त्यावर मन लावून गाडी चालवली की दोन तासांत हात-खांदे भरून येतात. पाचशे किलोमीटरची बॅटरी मी त्या वळणांवरून उगाच वाहून नेत असतो.