हरलेल्याने पत्ते का उघडायचे? परवाच्या धाग्याला उत्तर

किलवर_गुलाम
परवा इथे एका भाऊंनी ठणकावून लिहिलं: "पोकरमध्ये शेवटपर्यंत पैसे लावले ना, मग हरलेल्यानेही पत्ते उघडायचे. उपडे टाकणारा काहीतरी लपवतो." खाली सगळे माना डोलावून राहिले. नियम असा मनानेच बनवलेला मला सहन होत नाही, म्हणून वेगळा धागा.

रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचा पाचवा सामाईक पत्ता उघडल्यावरच्या फेरीत, ज्याची शेवटची बेट (पैसे लावणं) किंवा रेझ (लावलेली रक्कम वाढवणं), तो आधी दाखवतो. रिव्हरला सगळ्यांनी चेक केलं (पैसे न लावता पुढे गेले) असेल तर बटनच्या, म्हणजे डीलरच्या खुणेच्या, डावीकडून सुरुवात. पुढच्याला आपले पत्ते कमी भरतात हे दिसलं की त्याने ते उपडे सरकवून मोकळं व्हावं. कॉल करणाऱ्याने, म्हणजे तेवढेच पैसे टाकणाऱ्याने, समोरच्याचा हात (त्याचे पत्ते) बघायला पैसे मोजले. कॉल करणाऱ्याचा हात बघायला बाकीच्यांनी काय मोजलं? मी काय घेऊन कॉल करतो, ही माझ्या खेळाची पुंजी आहे. ती फुकट का वाटू?

ऑल-इनची, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्याची, गोष्ट वेगळी. स्पर्धेत एक जण ऑल-इन झाला आणि बाकीच्यांची बेटिंग संपली, की सगळ्यांचे पत्ते सरळ. नाहीतर दोन दोस्त एकमेकांना चिप्स सोडतील आणि कळणारही नाही.

इतवारीकर
भाऊ, स्पर्धेत पत्ते वाटणारा डीलर आहे, वर कॅमेरा आहे. आपण कोणाच्या तरी गच्चीवर सतरंजी टाकून बसतो. आमच्याकडे साळा-भाटवा, म्हणजे मेहुणा आणि त्याच्या बहिणीचा नवरा, जोडीने यायचे. एक बेट लावणार, दुसरा रेझ करणार, मधला माणूस कंटाळून पत्ते सोडणार. शेवटी साळा दाखवायचा, भाटवा गुपचूप उपडे टाकायचा, पॉट (जमलेले पैसे) एकाच घरात. त्या उपड्या पत्त्यांत रेझ करण्यासारखं काही होतं का, हे मी विचारायचंही नाही? रॉबर्ट्स रूल्स ही पोकरची नियमावली काढून बघा. ज्याला ज्याला पत्ते वाटले, तो शोला (शेवटी पत्ते दाखवायला) आलेला कोणताही हात बघायला मागू शकतो. मिलीभगत पकडायलाच ठेवलं आहे ते.

किलवर_गुलाम
वाचलं आहे. हा हक्क उठसूट वापरला तर काढून घेता येतो, हेही तिथेच लिहिलं आहे. शिवाय जिंकणाऱ्यानेच हरलेल्याचे पत्ते मागितले तर तो हात पुन्हा जिवंत होतो, म्हणजे धरला जातो, आणि मोठा निघाला तर पॉट गेला. टीडीए ही पोकर स्पर्धा चालवणाऱ्यांची संघटना २००१ पासून स्पर्धांचे नियम लिहून राहिली, त्यांची अट तर अजून कडक: स्वतःचे पत्ते फेकून दिले असतील तर दुसऱ्याचे मागता येत नाहीत.

साळा-भाटव्याचं ठीक आहे, तिथे मागा. पण लोक मागतात ते "काय घेऊन बसला होता बे?" एवढ्यासाठी. ती नुसती भोचकपणाची सवय आहे.

तर्रीपोहा
उपडे टाकणाऱ्यांवर एवढं लिहून राहिले, खोटं बोलून पॉट नेणाऱ्यांचं काय? मानेवाड्याला मित्राकडे बसलो होतो. पिवळा बल्ब, बोर्डवर (टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत) तीन बदाम, माझ्याकडे राणीची जोडी. मी कॉल केला. समोरचा "फ्लश" (एकाच रंगाचे, म्हणजे इथे बदामाचे, पाच पत्ते) म्हणाला आणि दोन बोटांनी पत्त्यांचे कोपरे उचलले. दोन्ही लाल. मी माझे उपडे सरकवले. मग त्याने पत्ते टाकले तर एक बदाम, एक चौकट! तोवर त्याचा हात पॉटवर. घरमालक म्हणाला, "तू सोडले ना, मग संपलं." आजही डोकं फिरतं.

बेगमबदाम
घरमालक चुकला. तोंडाने सांगितलेला हात धरतच नाहीत, उघडलेले पत्ते धरतात. तुमचे पत्ते गड्डीत मिसळले नव्हते, हेच ते म्हणून शंभर टक्के ओळखू येत होते, तर उलटून दाखवायला टीडीएची मुभा आहे. मुद्दाम खोटा हात सांगणाऱ्याला दंडही होऊ शकतो. पण समोरचे दोन्ही पत्ते टेबलावर सरळ पडेपर्यंत आपले सोडायचेच नाहीत, कोणी काहीही म्हणो.

महालवाले
तीन पत्तीत ही भानगडच नाही. शो मागितला की दोघांनीही उघडायचे, बरोबरी झाली तर मागणारा हरला. पोळ्याला आमच्याकडे सगळे भाऊबंद बसतात, पण शोवरून कधी भांडण झालं नाही.

इतवारीकर
आणि साइड शो? दोघांनी एकमेकांचे पत्ते बघायचे, कमीवाला पॅक (बाद), बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. माझा साळा-भाटवा तिथे बसला तर काय काय करेल!

महालवाले
साइड शो आपल्या आधी चाल केलेल्या माणसाला मागायचा असतो आणि तो नाही म्हणू शकतो. दोघांनीही पत्ते पाहिलेले हवेत, ब्लाइंडवाल्याला, म्हणजे पत्ते न बघता खेळणाऱ्याला, मागताच येत नाही. विश्वास नसेल त्याने बसूच नये.

बेगमबदाम
पोळ्याचं कौतुक मला सांगू नका. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल घेऊन दारात येतात, आणि बाप आतल्या खोलीतून "थांब, चाल आहे" म्हणतो. आमच्या घरी बोजारा (लेकरांना द्यायचे पैसे-खाऊ) नेहमी आईनेच दिला. अड्ड्यावर किंवा रस्त्यावर पैसे लावून जुगार खेळणं १८८७च्या जुगारबंदी कायद्याने गुन्हा आहे. दर पोळ्याला धाडीच्या बातम्या येतात, तरी ती परंपरा काहून म्हणता?

महालवाले
आम्ही चार आण्याने खेळतो, घरात खेळतो. सणाला भाऊ एकत्र येतात ते दिसत नाही, फक्त पत्ते दिसतात. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं काम नाही.

बेगमबदाम
माझ्याच घराचं सांगून राहिले मी. वडिलांनी त्या खोलीत काय घालवलं ते आम्हाला माहीत आहे. चार आण्यानेच सुरुवात झाली होती.

अंबाझरी_नवा
मी ॲपवर शिकलो. तिथे हरलेला हात आपोआप झाकला जायचा, प्रश्नच नव्हता. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि आता बिनपैशाच्या चिप्सवर मित्रांकडे बसतो. इथे सगळ्यात वाईट वाटतं ते तोडता न येणारा हात धरून गप्प बसणाऱ्यांचं. समोरचा आपली जोडी दाखवतो, पॉटकडे हात नेतो, मग हे सावकाश एकेक पत्ता उलटवतात. जिंकणार हे माहीत आहे ना, मग लगेच उघड की.

किलवर_गुलाम
यावर दुमत नाही. असल्या माणसाला मी पुन्हा बोलावत नाही.

इतवारीकर
मला अजून पटलेलं नाही. दोन नातेवाईक एका टेबलावर असले तर मी मागणारच. माझे पत्ते हातात धरून मागेन, ती अट तेवढी मान्य.