‘अंडरस्टडी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यावरच्या इंग्रजी लेखाचं भाषांतर चालू आहे. १९६७ साली स्ट्रिंडबर्गच्या ‘डान्स ऑफ डेथ’ या नाटकाचे प्रयोग सुरू असताना ऑलिव्हिएंना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि त्यांचे ‘अंडरस्टडी’ (मुख्य नट येऊ शकला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा नट) अँथनी हॉपकिन्स उभे राहिले, असा उल्लेख आहे. ‘पर्यायी नट’ चालेल का?

उत्तर : ‘पर्यायी’ नको. पर्याय म्हटलं की दोघांतून कुणालाही निवडा, असा अर्थ होतो. ‘बदली नट’ लिहा. गिरण्यांमधला बदली कामगार आठवा : रोज दारावर हजर, कुणाचा खाडा पडला तरच काम.

दुसरं उत्तर : शब्द चांगला आहे, पण बदली कामगार कुणाच्याही जागी लागायचा. अंडरस्टडीला ठरावीक भूमिका नेमून दिलेली असते. बहुधा तो त्याच नाटकात एखादं लहान काम करतो आणि शिवाय ही भूमिका तयार ठेवतो. नुसते संवाद पाठ असून भागत नाही. कोणत्या शब्दावर उठायचं, कुठे थांबायचं, पेला कोणत्या हातात, हे सगळं बसवलंय तसंच हवं. दोन पावलं चुकली की प्रकाश रिकाम्या जागेवर पडतो. वाक्याचा शेवट बदलला की समोरच्याचा क्यू, म्हणजे बोलायला सुरुवात करण्याची खूण, जातो. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘त्या भूमिकेची तयारी करून ठेवलेला बदली नट’ असं लिहा, पुढे नुसतं ‘बदली नट’.

‘रिप्लेसमेंट’शी मात्र गल्लत नको. तिथे मूळ नट भूमिका सोडतो आणि नवा ती पुढे चालवतो.

प्रश्न : आणि १९३५चा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’? तिथे ऑलिव्हिए आणि नट जॉन गिलगुड दोघंही रोमिओ झाले होते.

उत्तर : ते बदलीत बसत नाही. लंडनच्या न्यू थिएटरमध्ये आधी ऑलिव्हिए रोमिओ आणि गिलगुड मर्क्युशिओ (रोमिओचा मित्र) होते, काही आठवड्यांनी उलट. मुळात तसंच ठरलं होतं. ‘भूमिकांची अदलाबदल’ म्हणा.

आणखी एक उत्तर : हॉपकिन्सबद्दल ऑलिव्हिएंनी आत्मचरित्रात लिहिलंय की मांजराने तोंडात उंदीर धरून न्यावा तशी त्यांनी ती भूमिका नेली. इथे ‘हॉपकिन्सनी ऑलिव्हिएंना खाल्लं’ असं लिहू नका. ‘खाल्लं’, म्हणजे समोरच्या नटाला झाकोळून टाकलं, असं म्हणायला दोघं एकाच वेळी रंगमंचावर हवेत. ‘भूमिका मारून नेली’ हेच बरोबर. आणि १९६७च्या मजकुरात ‘लॉर्ड’ आलं असेल तर काढा. १९४७पासून ऑलिव्हिए ‘सर’ होते, ‘लॉर्ड’ झाले १९७० साली.