जयंती नाला नदीत सांडतोय, राखण लोकांनी करायची का?

बावडेकर: पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, साचलं की आपण काढतो, गणपतीत मूर्तीदान करतो, नदीऐवजी काहिलीत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कढईत, विसर्जन करतो. कोल्हापूरनं हे मनावर घेतलं याचा मला अभिमान आहे, पण मैला त्यानं थांबत नाही ओ. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी बांध घालून अडवतात आणि पंपानं उपसून कसबा बावड्याच्या एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला, पाठवतात, म्हणजे पंप बंद पडला, लाईट गेली नाहीतर पाऊस जोराचा झाला की सगळं काळं पाणी बांधावरून सरळ नदीत. प्रत्येक पेठेतल्या चार-पाच जणांनी पाळी लावून लक्ष ठेवूया. सांडताना दिसलं की तारीख-वेळेसकट व्हिडिओ, आणि त्याच दिवशी महापालिका आणि प्रदूषण मंडळ दोघांना लेखी तक्रार.

पेठकर: मला नाही पटत. घरफाळा आम्ही भरायचा आणि राखणपण आम्हीच करायची? जादा पंप तयार आहे का, जनरेटरला डिझेल आहे का हे बघायला पगारी इंजिनीअर आहेत. एकदा लोकसहभाग म्हटलं ना की उद्या नाला सांडला तरी विचारणार, तुमची कमिटी काय करत होती? माणसं महिनाभर उत्साहानं येतात, मग ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग.

बावडेकर: पंप चालवा असं कुठं म्हणतोय मी, नोंद ठेवा म्हणतोय. पंप किती वाजता बंद पडला हे फक्त त्यांच्याच रजिस्टरला असेल तर आपण बोलणार कशाच्या जोरावर? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात ६० दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकसुद्धा कोर्टात तक्रार नेऊ शकतो, आणि मंडळाकडचे रिपोर्ट मागू शकतो. तिथं 'नाला नेहमीच वाहतो हो' चालत नाही, तारीख लागते.

शिरोळची लेक: दादा, तुमचं सगळं पेठांपुरतं चाललंय. नदीच्या खालच्या अंगाला आम्ही राहतो. आमच्याकडच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून तरंगतात तेव्हा कळतं आम्हाला की वरनं काहीतरी सोडलंय. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, विसरलात का? आणि एकट्या नाल्यावर कॅमेरा धरला की कापड रंगवणारे प्रोसेसवाले आणि साखर कारखाने आपोआप बाजूला राहतात, मासे मेले की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवणार हे ठरलेलंच.

पेठकर: ताई बोलल्या ते खरं दुखणं आहे. म्हणून तर म्हणतोय, नमुने मंडळानंच घ्यायचे, बंधाऱ्या-बंधाऱ्यावर, आणि आकडे लोकांसमोर लावायचे. मोबाईलमध्ये पाणी काळं दिसेल, पण त्यात मैला किती आणि केमिकल किती हे कसं कळणार?

बावडेकर: नमुना घ्यायला माणूस पोचेपर्यंत पाणी पुढं गेलेलं असतं, म्हणून आधी कुणीतरी तिथं पाहिजे. ताई, ग्रुपमध्ये तेरवाड आणि शिरोळची माणसं पहिल्या दिवसापासून घेऊ, इकडं सांडलं की लगेच मेसेज.

शिरोळची लेक: मेसेज रात्री आला तरी चालेल, फोनच करा. सकाळी नळाला पाणी सोडायच्या आधी ग्रामपंचायतीला कळलं पाहिजे.