मेक वे फॉर टुमॉरो (१९३७): कोणती प्रत घ्यावी? आईबाबांना दाखवावा का?

सदाफुली: नमस्कार मंडळी. लिओ मॅकेरीचा हा कृष्णधवल सिनेमा एका फिल्म क्लबात अर्धाच बघितला, मग वीज गेली. घर गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला मुलं वेगवेगळ्या घरी ठेवतात, त्याची ही गोष्ट. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. येत्या रविवारी आईबाबांसोबत पूर्ण बघायचाय. बाबा ७६, आई ७१. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून सबटायटल्स हवीतच. बजेट ५०० रुपये. घरी साधा ब्लू-रे प्लेयर आहे. आणि खरा प्रश्न म्हणजे, या वयाच्या माणसांना हा दाखवावा का?

रेल्वेक्वार्टर: क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे घ्या, दुसरं काही बघूच नका. मी अमेरिकेहून मागवली, टपाल-कस्टम धरून साडेचार हजार पडले, पण एकेक पैसा वसूल. म्हातारा-म्हातारी ५० वर्षांनी मधुचंद्राच्या हॉटेलात जातात. नाचायला उभे राहतात आणि बँड नेमकी नव्या जमान्याची धून सुरू करतो. दोघं गोंधळून जागीच थांबतात. बँडमास्तर ते पाहतो आणि त्यांच्या काळातला वॉल्ट्झ वाजवायला लावतो. माझ्या ५५ इंची पडद्यावर हा प्रसंग बघायला या कधीतरी.

ढगफुटी: ताई, थांबा! अमेरिकन ब्लू-रे 'ए' विभागाची असते, आपल्याकडचे प्लेयर 'सी' विभागाचे. मी इंग्लंडहून एक डिस्क मागवली होती. ती निघाली 'बी'. आमच्या प्लेयरने सरळ नकार दिला. दुकानदार परत घेईना. डिस्क अजून कपाटात पडून आहे.

रेल्वेक्वार्टर: माझा प्लेयर सगळे विभाग चालवतो. तसाच घ्यावा.

पिंपळपार: 'बागबान' आहे की! हिंदीत आहे, बाबांना सबटायटल्सचा त्रास नाही.

जुनीवही: बागबान २००३ चा. त्याच्या कितीतरी आधी, १९५४ मध्ये, राजा परांजपे यांनी 'ऊन पाऊस' केला होता. त्यावरून १९५८ मध्ये कन्नडमध्ये 'स्कूल मास्टर' आला. आपल्याच माणसांनी केलेलं आधी दाखवा.

पिंपळपार: ऊन पाऊस चांगलाच आहे, पण मूळ कल्पना मॅकेरीची नाही का?

जुनीवही: घरोघरी घडणाऱ्या गोष्टीला मूळ कसलं शोधता?

कातरवेळ: धागा प्रत आणि आईबाबांबद्दल आहे हो. माझं स्पष्ट मत, दाखवू नका. मी माझ्या वडिलांना दाखवला. संपल्यावर ते काही न बोलता गॅलरीत जाऊन बसले. दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवट गोड नाही. पॅरामाउंट स्टुडिओला गोड हवा होता, मॅकेरीने बदलला नाही. सिनेमा पडला आणि पॅरामाउंटचं दारही त्याला बंद झालं. त्याच वर्षीच्या त्याच्याच 'द ऑफुल ट्रूथ'साठी ऑस्कर मिळालं तेव्हा तो म्हणाला होता, चुकीच्या सिनेमासाठी दिलंत.

ढगफुटी: कातरवेळ यांना अनुमोदन. निदान सगळं घर एकत्र बसून तरी बघू नका. आधी एकटीने बघा.

हळदीकुंकू: मला तो फोनचा प्रसंग विसरता येत नाही. सुनेकडे ब्रिज शिकायला लोक जमलेत. सासूला नवऱ्याचा फोन येतो, ती ओरडूनच बोलते. सगळे पत्ते हातात धरून थांबतात. आधी कंटाळा दिसतो, मग एकेकाची मान खाली जाते. आपल्याला फक्त तिचीच बाजू ऐकू येते. सासूचं काम करणाऱ्या ब्यूला बाँडीने तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. मुलाचं काम करणारा टॉमस मिचेल तिच्याहून तीन-चार वर्षांनीच लहान. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स म्हणाला होता, हा सिनेमा दगडालाही रडवेल. सून वाईट नाही हो यात. कुणीच वाईट नाही, तेच जास्त लागतं.
प्रतीचं म्हणाल तर साधी डीव्हीडी कुणाकडून उसनी मिळवा आणि लॅपटॉपवर लावा. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण पाचदाच, तेवढं लक्षात ठेवा.

रेल्वेक्वार्टर: डीव्हीडीत ती मजा नाही.

सदाफुली: सगळ्यांचे आभार. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे डीव्हीडी निघाली. काही विकत घेत नाही.
कातरवेळ, ढगफुटी, तुमची काळजी पोचली. तरी दाखवणार आहे, आणि दादा-वहिनींनाही बोलावलंय. दिवाळीनंतर बाबा दादाकडे नाशिकला आणि आई माझ्याकडे, असं आम्हा दोघा भावंडांचं फोनवर ठरलं होतं. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. अर्धा सिनेमा बघून घरी आले तेव्हा आई बाबांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत बसली होती. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

कातरवेळ: मग दाखवा. माझं आधीचं मत मागे घेते.

हळदीकुंकू: दादांना वेळेवर यायला सांगा. बँक घर घेणार हे म्हातारा मुलांना मुदत संपत आल्यावर सांगतो, तो पहिलाच प्रसंग आहे. आणि लॅपटॉप टीव्हीला जोडायची केबल शनिवारीच लावून बघा.